प्रशिक्षणमंच, अंकीय

प्रशिक्षणमंच, अंकीय : नोकरीत वा व्यवसायात असलेल्या व्यक्तींना त्यांच्या कामासंबंधीचे पाठ संगणकावर किंवा मोबाईलवर उपलब्ध करून देणारी आणि त्या पाठांचा क्रम, प्रशिक्षणार्थींची नोंदणी, चाचण्या व प्रमाणपत्रे यांची व्यवस्था ठेवणारी संगणकीय प्रणाली. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापनासाठीही अशाच प्रणाली वापरल्या जातात. तथापि कार्यस्थळावरील प्रशिक्षणाचे उद्दिष्ट एखादे विशिष्ट काम बिनचूक, सुरक्षितपणे व ठराविक वेळात करता येणे हे असल्यामुळे तेथील मंचाकडून असणाऱ्या अपेक्षा काहीशा वेगळ्या असतात. विद्यार्थ्याचा मुख्य उद्योगच शिकणे हा असतो. कामगार, शिक्षक, अंगणवाडी सेविका वा कारकून यांना मात्र हातातले काम सांभाळून शिकावे लागते. त्यामुळे मंचाची निवड हा केवळ यंत्रसामग्रीच्या खरेदीचा प्रश्न राहत नाही. कोणाला शिकता येईल आणि कोण बाहेर राहील, हे पुष्कळ अंशी त्या निवडीवर ठरते. प्रस्तुत नोंदीत अशा मंचांचे घटक, त्यांचा विकास व निवडीची तत्त्वे यांचे विवेचन केले असून उदाहरणे मुख्यतः परभणी जिल्ह्याच्या परिस्थितीवरून घेतली आहेत.

घटक : व्यवहारात ‘प्रशिक्षणमंच’ या एकाच नावाने चार वेगवेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. (१) पाठरचनेचे साधन : मजकूर, चित्रे, ध्वनी, चित्रफीत व प्रश्न एकत्र गुंफून पाठ तयार करण्याचे सॉफ्टवेअर. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन व अडोबी कॅप्टिव्हेट ही विकत घ्यावयाची, तर एच५पी हे विनामूल्य, मुक्तस्रोत साधन या वर्गात मोडते. (२) अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली : कोणी कोणता पाठ घ्यावयाचा, किती पूर्ण केला, चाचणीत काय गुण मिळाले यांची नोंद ठेवणारी प्रणाली, उदा., मूडल, कॅनव्हास, ओपन ईडीएक्स. (३) पाठसंग्रह : इतरांनी तयार केलेले पाठ जेथे मिळतात असे भांडार. (४) प्रत्यक्ष संवादाचे साधन : झूम वा गूगल मीट यांसारखी, दूर असलेल्या प्रशिक्षकाशी त्याच वेळी बोलण्याची सोय. काही मंचांत चारही घटक कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात. एका घटकाची गरज असताना दुसराच घटक विकत घेतला जाणे ही निवडीतील सर्वांत नेहमीची चूक होय. ज्या संस्थेकडे मराठीत लिहिलेले पाठच नाहीत, तिला उत्तम व्यवस्थापन प्रणाली मिळूनही तिच्या कपाटात ठेवण्यासारखे काही नसते. उलट, पाठ विपुल असले तरी नोंदी ठेवण्याची सोय नसेल, तर कोण शिकले व कोण राहिले याचा हिशेब लागत नाही.

विकास : यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० नंतरच्या दशकात प्रश्न विचारून उत्तर तपासणारे यंत्र तयार केले. बी. एफ. स्किनर यांनी १९५४ च्या सुमारास, विषयाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर उत्तर लगेच तपासून देण्याची पद्धती मांडली. इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये सुरू झालेली ‘प्लेटो’ ही प्रणाली संगणकाधारित अध्यापनाचा पहिला मोठा प्रयोग समजली जाते. पुढे विमानोद्योगाला एक अडचण जाणवली : निरनिराळ्या कंपन्यांनी तयार केलेले प्रशिक्षणपाठ एकमेकांच्या यंत्रणांवर चालत नसत. ती दूर करण्यासाठी १९८८ मध्ये या उद्योगाची संगणकीय प्रशिक्षणविषयक समिती स्थापन झाली आणि पाठांच्या मानकीकरणास प्रारंभ झाला. अमेरिकेच्या संरक्षण विभागाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून ‘स्कॉर्म’ हे मानक निघाले (२०००). त्याची २००१ मधील १.२ ही आवृत्ती अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. संगणकाबाहेरच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामातील अनुभवांचीही नोंद घेता यावी म्हणून २०१३ मध्ये ‘एक्स-एपीआय’ हे मानक प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी तयार केलेली मूडल ही मुक्तस्रोत प्रणाली २००२ मध्ये प्रथम प्रसृत झाली. ती विनामूल्य असल्यामुळे व तिच्यात हवे तसे बदल करता येत असल्यामुळे विद्यापीठांत आणि शासकीय संस्थांत तिचा बराच प्रसार झाला.

भारतात दूरवरच्या लोकांना यंत्राद्वारे शिकविण्याचा पहिला व्यापक प्रयोग १९७५–७६ मध्ये उपग्रहावरील दूरचित्रवाणीच्या साहाय्याने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत झाला. प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्याचा एक भाग होता. महाराष्ट्रात नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि पुणे येथील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजे ‘यशदा’, या संस्थांनी नोकरीतील व्यक्तींच्या शिक्षणाचा पाया घातला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली. या महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही संगणककेंद्रे निघाली आणि पडद्यावर पाठ वाचून चाचणी देण्याची सवय मोठ्या वर्गाला लागली.

शासकीय मंच : २०१७ नंतर केंद्र शासनाने अनेक मंच उभे केले. महाविद्यालयीन व इतर अभ्यासक्रमांसाठी ‘स्वयम्’ आणि शालेय शिक्षणासाठी ‘दीक्षा’ हे दोन्ही मंच २०१७ मध्ये सुरू झाले. दीक्षा मंच ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर उभारलेला आहे. प्राथमिक शिक्षकांच्या ‘निष्ठा’ या प्रशिक्षणाचा आरंभ २०१९ मध्ये समोरासमोरच्या वर्गांनी झाला होता. करोना साथीमुळे २०२० मध्ये ते दीक्षेवर नेण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साथीशी झुंजणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे पाठही याच मंचावर ठेवले गेले. शाळेसाठी उभारलेली प्रणाली थोड्या अवधीत रुग्णालयाच्या कामी आणता आली, ही गोष्ट प्रणाली खुली व जुळवून घेण्याजोगी असण्याचे महत्त्व दाखविते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ योजनेस मान्यता दिली. तिच्या अंतर्गत शासकीय कर्मचाऱ्यांसाठीचा ‘आयगॉट कर्मयोगी’ हा मंच चालविण्यासाठी २०२२ मध्ये ‘कर्मयोगी भारत’ ही ना-नफा तत्त्वावरील शासकीय कंपनी स्थापन झाली. खाजगी कंपन्यांचे मंचही शासनाने वापरले आहेत. उदा., महाराष्ट्रातील शिक्षकांचे वरिष्ठ व निवड श्रेणीसाठीचे प्रशिक्षण २०२२ मध्ये इन्फोसिस कंपनीच्या ‘स्प्रिंगबोर्ड’ मंचावर घेण्यात आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रशिक्षणार्थींसाठी ‘भारत स्किल्स’ हा स्वतंत्र मंच आहे.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती : हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ, पालम व पूर्णा हे नऊ तालुके उरले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ असून साक्षरतेचे प्रमाण सु. ७३ टक्के होते. कार्यस्थळ-प्रशिक्षणाच्या दृष्टीने येथे चार प्रकारचे वर्ग दिसतात. पहिला, जिल्हा परिषदेचे शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी. यांना वाचनाची सवय असते व बहुतेकांपाशी स्वतःचा मोबाईल असतो. दुसरा, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या. यांचे काम गावभर फिरण्याचे असून नोंदवह्यांचा व ॲपचा भार आधीच मोठा असतो. तिसरा, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतील कामगार. यांत हंगामापुरते येणारे पुष्कळ असतात. चौथा, शेती व शेतीशी निगडित सेवांतील लोक, म्हणजे कृषी सहायक, खते-औषधांचे विक्रेते, फवारणी करणारे मजूर व यंत्रचालक.

या चौथ्या वर्गाच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे होय. परभणी येथे कृषी महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव २०१३ मध्ये देण्यात आले. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांच्या शेतीतील वापरासंबंधीचे संशोधन व प्रशिक्षण येथे हाती घेण्यात आले. अंकीय साधने हाच जेथे प्रशिक्षणाचा विषय आहे, तेथेही पडद्यावरचा पाठ आणि हातातले यंत्र यांची सांगड घालावी लागते. ड्रोन चालविण्याचे नियम व हवामानाचा विचार पडद्यावर शिकविता येतो. प्रत्यक्ष उड्डाण मात्र मैदानावरच शिकावे लागते आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घ्यावे लागते.

निवडीची तत्त्वे : मंचाचा विचार करण्यापूर्वी काम कोणते, ते आज कसे होते व त्यात उणीव कोठे आहे, याची पाहणी आवश्यक असते. उणीव ज्ञानाची आहे, कौशल्याची आहे की साधनांची, हे ठरल्याशिवाय मंच निवडणे व्यर्थ ठरते. जिनिंग कारखान्यात रेच्यापाशी कामगाराच्या बोटांना इजा होत असेल आणि त्याचे कारण यंत्रावरचे झाकण नसणे हे असेल, तर कोणताही पाठ ती इजा टाळू शकत नाही. झाकण बसविणे हाच उपाय असतो. उणीव खरोखर ज्ञानाची वा कौशल्याची असल्यास पुढील निकष लावावेत.

(१) साधने व संपर्क. प्रशिक्षणार्थीच्या हातात कोणता मोबाईल आहे, त्यात किती जागा शिल्लक आहे आणि गावात इंटरनेट कितपत मिळते, हे प्रथम पाहावे लागते. या बाबतीत साधे गणित उपयोगी पडते. सेकंदाला ७०० किलोबिट या वेगाने चालणारी दहा मिनिटांची चित्रफीत सु. ५२ मेगाबाइट जागा घेते. चाळीस जणांनी ती एकाच सभागृहात, एकाच जोडणीवर, एकाच वेळी पाहिली, तर सेकंदाला २८ मेगाबिट वेगाची अखंड जोडणी लागते. तेवढ्याच लांबीची, सेकंदाला ३२ किलोबिट वेगाची ध्वनिफीत केवळ २.४ मेगाबाइट इतकी असते. म्हणून आवाज व पाच-सहा स्थिर चित्रे यांवर बेतलेला पाठ जिंतूरच्या डोंगराळ भागातील गावात चालतो, तर तोच पाठ चित्रफितीच्या रूपात अडकून पडतो. पाठ एकदा उतरवून घेऊन नंतर जोडणीविना पाहता येणे, आणि जोडणी मिळताच नोंदी आपोआप मध्यवर्ती सर्व्हरवर जाणे, ही सोय ग्रामीण प्रशिक्षणात अनिवार्य मानावी.

(२) भाषा. मंचाची बटणे, सूचना व चुकांचे निरोप मराठीत असणे हे पाठ मराठीत असण्याइतकेच महत्त्वाचे असते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. जुने झालेले संच, त्यांतील अपुरी जागा आणि पोषणविषयक नोंदींचे ॲप मराठीत नसणे या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. ते ॲप प्रशिक्षणाचे नव्हते. परंतु मंच निवडणाऱ्यास त्यातून मिळणारा धडा तोच आहे. दुसरी अडचण लिपीची असते. कार्यालयांतील जुन्या टिपणांपैकी पुष्कळ मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला आढळतो. तो मंचावर तसाच चढविल्यास शोधता येत नाही, मोबाईलवर नीट उमटत नाही आणि अंधांसाठीच्या वाचक सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही. मंच घेण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासून घेण्यास लागणारा वेळ व खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. जोडाक्षरे, रफार तसेच ‘ॲ’ व ‘ऱ्य’ यांसारखी चिन्हे पडद्यावर आणि छापील प्रमाणपत्रावर शुद्ध उमटतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे.

(३) पाठ कोण रचणार. विषय जाणणारा मनुष्य व मंच जाणणारा मनुष्य सहसा एक नसतो. एखादा अनुभवी प्रशिक्षक वा कृषी सहायक दोन-तीन दिवसांच्या सरावानंतर स्वतः पाठ तयार करू शकेल, इतके साधन सोपे असणे इष्ट असते. अन्यथा प्रत्येक दुरुस्तीसाठी बाहेरच्या कंपनीकडे जावे लागते व पाठ जुने होतात. कीडनाशकांची शिफारस, शासनाचा नियम वा अर्जाचा नमुना बदलला की पाठही त्याच आठवड्यात बदलला पाहिजे. चुकीचा झालेला पाठ मंचावर राहिला, तर तो अधिकृत असल्याच्या समजुतीने पाळला जातो.

(४) मानके व बाहेर पडण्याची सोय. मंच आज स्वस्त वाटला तरी पाच वर्षांनी तो बंद होऊ शकतो वा महाग होऊ शकतो. अशा वेळी पाठ, प्रश्नसंग्रह व प्रशिक्षणार्थींच्या नोंदी सोबत नेता येणे अत्यावश्यक असते. पाठ स्कॉर्म किंवा तत्सम मानकानुसार असल्यास ते दुसऱ्या प्रणालीवर चालविता येतात. प्रश्नसंग्रह व गुणपत्रके सर्वसाधारण तक्त्याच्या रूपात काढून घेता आली पाहिजेत. पाठांची मालकी संस्थेचीच राहील, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

(५) नोंदींची गोपनीयता. प्रशिक्षणाच्या नोंदींतून कर्मचाऱ्याचे गुण, त्याच्या चुका, त्याने पाठ किती वाजता पाहिला इ. माहिती जमते. ती पदोन्नतीसाठी वा शिक्षेसाठी वापरली जाणार असेल, तर तसे आधी सांगणे न्याय्य होय. न सांगता वापरल्यास लोक शिकण्याऐवजी गुण लपविण्याकडे वा एकमेकांची उत्तरे नकलण्याकडे वळतात. आवश्यक तेवढीच माहिती घेणे, ती सांगितलेल्या कामासाठीच वापरणे व सुरक्षित ठेवणे ही तत्त्वे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अंतर्भूत आहेत. निवृत्त व सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी किती काळ ठेवावयाच्या, हेही ठरवावे लागते.

(६) सर्वांना वापरता येणे. मोठी अक्षरे, चित्रफितीखालील मजकूर, ऐकता येणारे पाठ व रंगावर अवलंबून नसलेल्या खुणा यांची तरतूद असावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यानेही अशा सोयींना आधार दिला आहे. त्यांचा लाभ दिव्यांगांपुरता मर्यादित नसतो. कमी शिकलेले, वयस्क व भर उन्हात पडदा पाहणारे या सर्वांनाच तो होतो.

(७) खर्च. मुक्तस्रोत प्रणालीस परवान्याचे मूल्य नसते. परंतु सर्व्हरचे भाडे, सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन, नियमित प्रती काढून ठेवणे व सुरक्षाविषयक दुरुस्त्या यांचा खर्च असतोच. भाड्याने मिळणाऱ्या मंचांचे शुल्क बहुधा माणशी आकारले जाते. ते नोंदलेल्या माणसांवर आहे की त्या महिन्यात प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांवर, हे पाहणे हंगामी उद्योगांत फार महत्त्वाचे ठरते. समजा, एका जिनिंग कारखान्यात ६० कायम व २४० हंगामी कामगार असून हंगाम पाच महिन्यांचा आहे. सर्व ३०० नावे वर्षभर नोंदलेली ठेवल्यास शुल्क ३,६०० मनुष्य-महिन्यांचे होते. हंगामी कामगारांची नावे हंगामापुरतीच ठेवल्यास ते १,९२० मनुष्य-महिन्यांवर येते. प्रशिक्षण वर्षातून दोनच महिने चालत असेल व शुल्क प्रत्यक्ष वापरावर असेल, तर ते केवळ ६०० मनुष्य-महिने इतके भरते. एकाच दराने तिप्पट ते सहापट फरक पडतो, म्हणून दर ऐकण्यापूर्वी आकारणीची रीत विचारावी.

मंचांची तुलना : वरील निकषांनुसार चार पर्याय समोर येतात. शासकीय मंच विनामूल्य असतात व त्यांची प्रमाणपत्रे सेवापुस्तकाच्या दृष्टीने उपयोगी पडतात. परंतु त्यांवर स्थानिक पाठ चढविण्याचा अधिकार मर्यादित असतो आणि पाठ सबंध राज्याला वा देशाला उद्देशून केलेले असतात. स्वतः चालविलेली मुक्तस्रोत प्रणाली विद्यापीठासारख्या, तंत्रज्ञ बाळगू शकणाऱ्या संस्थेला योग्य ठरते. मूडलसाठी मराठीसह अनेक भाषांचे भाषासंच उपलब्ध आहेत. भाड्याचे खाजगी मंच लवकर सुरू होतात व सांभाळावे लागत नाहीत. मात्र त्यांत अडकून पडण्याचा धोका अधिक असतो. चौथा पर्याय म्हणजे व्हॉट्सॲपचा गट व अधूनमधून दूरस्थ बैठक. हा मंच नव्हे असे म्हटले जाते, तरी जिल्ह्यातील अनेक लहान संस्थांचे प्रशिक्षण प्रत्यक्षात त्यावरच चालते. तो सर्वांना परिचित असतो, पण त्यात पाठ वाहून जातात, जुनी सूचना व नवी सूचना यांत भेद राहत नाही आणि कोण शिकले याची नोंद होत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या संस्थेने हाच पर्याय ठेवून सोबत एक साधी नोंदवही व दर महिन्याची समोरासमोरची तपासणी ठेवल्यास ते मोठ्या मंचाहून सरस ठरू शकते.

पर्यायांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत रूढ आहे; परंतु तिच्यात एक दोष आहे. समजा, भाषा व जोडणीविना वापर यांना प्रत्येकी ३ आणि पाठरचनेची सोय व अहवाल यांना प्रत्येकी २ असे भार दिले. पहिल्या मंचास या चार बाबींत दहापैकी अनुक्रमे ९, १, १० व १० गुण मिळाले, तर भारित बेरीज ७० होते. दुसऱ्यास ८, ८, ५ व ५ गुण मिळाल्यास ती ६८ होते. गणिताने पहिला मंच जिंकतो, पण जोडणी नसलेल्या गावात तो उघडतच नाही. म्हणून अनिवार्य अटी आधी लावून त्यांत न बसणारे मंच वगळावेत व उरलेल्यांतच गुणांची तुलना करावी.

चाचणी : विक्रेत्याने दाखविलेले प्रात्यक्षिक हा पुरावा मानू नये. आपलाच एक खरा पाठ घेऊन तो निवडलेल्या दोन मंचांवर चढवावा व सु. तीस जणांकडून तीन आठवडे वापरून घ्यावा. हे तीस जण उत्साही व तंत्रकुशल असू नयेत. त्यांत निवृत्तीला आलेले, स्वस्त मोबाईल बाळगणारे, घरात एकच मोबाईल असलेले आणि तालुक्यापासून दूर राहणारेही असावेत. किती जणांना मदतीशिवाय प्रवेश करता आला, पासवर्ड विसरल्यावर काय झाले, किती जणांनी मधेच सोडले व कोणत्या जागी सोडले, हे नोंदवावे. ज्या घरात मोबाईल पतीच्या वा मुलाच्या हातात असतो, तेथील महिला कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या वेळेत व कामाच्या जागी पाठ पाहण्याची सोय नसेल, तर शिकण्याचा सारा भार त्यांच्या रात्रीच्या वेळेवर पडतो. प्रशिक्षण हे कामाचाच भाग असल्याने त्याचा वेळ कामाच्या वेळेत धरणे व इंटरनेटचा खर्च संस्थेने सोसणे योग्य होय.

मूल्यमापन : प्रशिक्षणाचे फळ मोजण्यासाठी अमेरिकन तज्ज्ञ डॉनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या सुचविल्या : प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, कामातील वर्तनात पडलेला फरक आणि संस्थेच्या कामावर झालेला परिणाम. बहुतेक मंच पहिल्या दोन पायऱ्या आपोआप मोजतात. तिसरी व चौथी पायरी मोजण्यासाठी माणसाने कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते. पाठ पूर्ण केल्याची टक्केवारी हाच यशाचा पुरावा मानला गेला, तर चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम करण्याची वा एकाने अनेकांच्या नावाने उत्तरे देण्याची प्रवृत्ती वाढते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की, शिकलेल्या गोष्टीचा मोठा भाग उजळणीअभावी थोड्याच काळात विसरला जातो. यास्तव वर्षातून एकदा दिलेल्या लांबलचक पाठापेक्षा हंगामाच्या तोंडावर दिलेले दहा मिनिटांचे पाठ व काही दिवसांच्या अंतराने विचारलेले चार-पाच प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

मर्यादा : २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीडनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो आजारी झाले. परभणी जिल्ह्यातही कापूस हे प्रमुख पीक असल्यामुळे सुरक्षित फवारणीचे प्रशिक्षण हा येथे जीवनमरणाचा प्रश्न आहे. या प्रशिक्षणाचे पृथक्करण केल्यास मंचाची मर्यादा स्पष्ट होते. डब्यावरील त्रिकोणातील रंगांचा अर्थ, औषधांचे मिश्रण करण्यातील धोके व विषबाधेची लक्षणे या गोष्टी पडद्यावर चांगल्या शिकविता येतात. मुखपट्टी व हातमोजे नीट बसले की नाही, पंपाची तोटी योग्य आहे की नाही, वाऱ्याची दिशा पाहून ओळीत कसे चालावे, हे मात्र शेतात उभे राहून हाताने करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. फवारणी करणारा मजूर बहुधा रोजंदारीवरचा असतो. त्याचे नाव कोणत्याही मंचावर नोंदलेले नसते. त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचते ते औषधविक्रेता, कृषी सहायक व शेतमालक यांच्यामार्फत. म्हणून येथे मंचाचा खरा प्रशिक्षणार्थी हा मधला दुवा होय. देशातील कृषिनिविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेल्या एक वर्षाच्या पदविकेत ४० वर्गांबरोबर ८ क्षेत्रभेटी ठेवलेल्या आहेत. त्यामागील विचार हाच आहे.

एकंदरीत, मंच निवडताना सर्वांत दूरच्या व सर्वांत कमी साधने असलेल्या प्रशिक्षणार्थीला मोजपट्टी मानणे हे तत्त्व व्यवहारात खरे ठरते. त्याला जो मंच उघडता, वाचता व वापरता येतो, तो इतरांना येतोच. याच्या उलट मात्र होत नाही. यंत्रानुवाद, बोललेल्या मराठीचे लेखनात रूपांतर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पाठरचना यांमुळे पाठ तयार करण्याचे श्रम कमी होत आहेत. तथापि औषधाची मात्रा, यंत्राची धोक्याची जागा किंवा कायद्याचे कलम सांगणारा पाठ प्रसृत करण्यापूर्वी तो त्या विषयाच्या जाणकाराने वाचून त्याखाली आपली जबाबदारी नोंदविणे आवश्यक राहील.